बटच्या पलीकडची माणसं

अण्णांच्या पहिल्या स्मृतिदिनाला स्टीलचे डबे वाटावेत, असं शकुमावशीचं मत पडलं. डब्यावर नाव कोरता येतं, आणि माणूस गेला तरी त्याचं नाव रोज कुणाच्या तरी घरी साखरेच्या संगतीत राहतं, हा तिचा मुद्दा. महादूकाका छत्र्यांच्या बाजूचे होते. आमच्या इमारतीत स्मृतिदिनाला काय वाटावं यावर जितका विचार होतो तितका माणूस जिवंत असताना त्याच्याबद्दल होत नाही, हे मी मनात म्हणाले. उघड म्हणाले, "पुस्तिका छापू या."

"कसली? अण्णांच्या विचारांची?" शकुमावशीने विचारलं.

"नाही. 'बट' या इंग्रजी शब्दाचे एकतीस वापर."

शकुमावशी समोरच्या दारात राहते आणि तिला हळू बोलताना मी फार वेळा ऐकलेलं नाही.  ती आईकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "नलिनी, पोरगी जेवते ना गं वेळेवर?"

अण्णा, म्हणजे माझे वडील अंबादास वाघमारे, विक्रोळीच्या एका कारखान्यात तेहेतीस वर्षं टाइमकीपर होते. सातची पाळी असली तर सात वाजून दहापर्यंत माफी, अकराव्या मिनिटाला लाल शेरा. शिक्षण जुनी अकरावी, तेही जालन्याला. इंग्रजी ते कारखान्याच्या नोटिसा वाचून शिकले. दहा हजार शब्द अर्धवट शिकण्यापेक्षा एक पुरा शिकावा, हा त्यांचा सिद्धांत होता. आणि शिकायला त्यांनी 'बट' निवडला, कारण कारखान्याची प्रत्येक नोटीस पहिल्या ओळीत कामगारांचं कौतुक करी आणि दुसऱ्या ओळीत हा शब्द येई. "जो शब्द आला की सगळे मान खाली घालतात, तो आधी ओळखून ठेवावा," असं ते म्हणत.

दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता सोसायटीच्या ऑफिसात ते मोठ्या माणसांचा वर्ग घेत. फळा नव्हता. कारखान्यातून मोडीत निघालेलं एक लांबलचक हजेरीचं मस्टर होतं, त्यात रकाने आयतेच आखलेले. अनुक्रमांकाच्या रकान्यात वापराचा क्रमांक, नावाच्या रकान्यात माणसाचं नाव, आणि पुढे ज्या जागी महिनाभराच्या हजेऱ्या मांडायच्या त्या जागी एक इंग्रजी वाक्य, खाली मराठी अर्थ. मस्टर त्यांच्या कापडी पिशवीत मावत नसे, म्हणून प्रत्येक पानाची उजवी कड चार बोटं आत दुमडून टाकलेली. कागद जुना, ओढला की तुटेल असा. मी टाइप करायला बसले तेव्हा त्या दुमडींच्या नादाला लागले नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या सगळ्या फजितीचं मूळ त्यात आहे.

एकतीस वापरांना एकतीस वाक्यं होती, आणि एकतीसही वाक्यं आमच्या इमारतीतल्या किंवा इमारतीखालच्या माणसांवर होती. कल्पनेतले राम आणि सीता अण्णांना पटत नसत. "राम कशाला आंबा खातो? तो काय आपल्या विंगमध्ये आहे?" असं त्यांनी मला लहानपणी शाळेच्या पुस्तकावरून विचारलं होतं. त्यामुळे विरोध दाखवणाऱ्या साध्या 'बट'खाली लिहिलं होतं, 'शकुचं काळीज मऊ आहे, बट चपात्या नाहीत.' मर्यादा दाखवणाऱ्या 'बट'खाली, 'महादू सुरात गातो, बट पहिल्या कडव्यापर्यंतच.' जिथे या शब्दाचा अर्थ 'सोडून' असा होतो तिथे, 'सेक्रेटरी सगळं करतो बट काम.' 'बट फॉर' म्हणजे 'नसती तर', तिथे आई होती: 'नलिनी नसती तर मी जन्मभर लेट झालो असतो.' आईने ते वाचलं आणि चष्मा पुसायला आत गेली. तिचा चष्मा त्या वेळी स्वच्छ होता.

एक फार जुना वापरही त्यात होता, 'असा कोणी नाही जो नाही' अशा थाटाचा. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, पुष्कळ वाचते, आणि त्याचा तोरा मला अण्णांपुढे फार होता. "हा वापर मेलाय, अण्णा. कुणी असं लिहीत नाही आता," असं मी एकदा त्यांना सांगितलं होतं. ते मस्टरवरून मान वर न करता म्हणाले, "मेलेल्यांचीही नोंद ठेवावी लागते."

बत्तिसावा वापर अपुरा होता. 'वाक्याच्या सुरुवातीलाच येणारा बट. शाळा नको म्हणते. माणसं करतात.' एवढं लिहून पुढे नाव नाही, वाक्य नाही.

आणि एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवायला नको. त्या एकतीस जणांत मी नव्हते. इस्त्रीवाला होता, लिफ्टवाला होता, चौथ्या मजल्यावर वर्षभर भाड्याने राहून गेलेला एक होमिओपॅथ होता. मी नव्हते. त्याचं मला वाईट वाटलं असं नाही. ज्याला वाईट वाटतं तो तीन वेळा शोधून थांबतो. मी चारदा शोधलं.

पुस्तिका छापायची तर कार्यक्रमाला जागा हवी, म्हणून मी सोसायटीचा हॉल मागायला सुबोधकाकांकडे गेले. सुबोधकाका बावीस वर्षं आमचे सेक्रेटरी आहेत. त्यांच्याकडे तोंडी काही चालत नाही. एकदा पाण्याची टाकी वाहत होती तेव्हाही त्यांनी खाली ओरडणाऱ्यांना अर्ज करायला सांगितलं होतं.

"हॉल देऊ," ते म्हणाले. "अण्णांसाठी नाही द्यायचा तर कुणासाठी? फक्त कार्यक्रमात जे साहित्य वाटलं जाणार त्याची एक प्रत रेकॉर्डला लागेल."

मी प्रत त्यांना फोनवर पाठवली. रेकॉर्ड म्हणजे फाईल, असा माझा समज होता. काकांनी ती इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, वर 'सर्व सभासदांच्या माहितीसाठी' असं लिहून, आणि खाली दोन हात जोडले.

पहिल्या तासात ग्रुपवर बारा फुलं आली. दुसऱ्या तासात शांतता. तिसऱ्या तासात आमची बेल वाजली.

महादूकाका होते. आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम असो, बारसं असो की गेलेल्याचं पुण्यानुमोदन, गाणं त्यांचं असतं. हातात फोन, फोनवर पान सात.

"समीक्षा, जयभीम. पहिला भाग उत्तम आहे," ते बसत म्हणाले. "'महादू सुरात गातो.' अण्णांना गाण्याची जाण होती. फक्त तिथे पूर्णविराम दे."

"काका, मग 'बट' राहत नाही त्यात."

"नको राहू दे ना. एकतीस आहेत, एकाने काय होतंय?"

त्यांच्या मागून शकुमावशी आली. तिला चपात्यांबद्दल काही म्हणायचं नव्हतं, हे तिने पाच वेळा सांगितलं. "अंबादासभाऊ गेले, त्यांच्याशी काय भांडायचं? पण माझ्या सुनेच्या माहेरी जाईल गं हे पुस्तक. त्यांना काय वाटेल? इतकी वर्षं मी त्यांना सांगतेय की चपात्या सून करते म्हणून कडक होतात."

दोन दिवसांत एकवीस जण येऊन गेले. सगळ्यांची मागणी एकच, शब्द वेगळे: बटच्या अलीकडचं ठेवा, पलीकडचं काढा. अख्खी इमारत बटच्या अलीकडे राहायला आली होती. पलीकडे चिटपाखरू नको होतं. मी आईला म्हटलं, "यांचं ऐकलं तर व्याकरणाचं पुस्तक राहणार नाही, सत्काराचं होईल." आई भाजी निवडत म्हणाली, "मग शालही आणून ठेव."

त्यात ज्यांची नावं पुस्तिकेत नव्हती ते वेगळे चिडले. तिसऱ्या मजल्यावरचे अनिरुद्ध ढवळे आयुर्विम्याचे एजंट आहेत. ते जिन्यात थांबवून म्हणाले, "चौदा वर्षं एकाच जिन्यात राहिलो. होमिओपॅथला वाक्य, मला नाही?" दुसऱ्या दिवशी ते वाक्य स्वतःच तयार करून घेऊन आले. त्यात त्यांच्या तीन पदव्या, फ्लॅट नंबर आणि मोबाइल नंबर होता. 'बट' शेवटी होता: 'बट फोन कधीही करा.'

मी त्यांना हसले नाही. बाहेर राहिलेल्या माणसाची कळ मला ठाऊक होती.

सुबोधकाकांना सुरुवातीला आपल्या वाक्याचा अभिमान वाटला होता. 'सेक्रेटरी सगळं करतो,' एवढं वाचून त्यांनी ते स्टेटसलाही ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने उरलेल्या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगितला. त्याच दुपारी मला पत्र आलं, रीतसर, जावक क्रमांकासह. पुस्तिकेत सभासदांचा नावानिशी उल्लेख असल्याने प्रत्येकाचं ना हरकत प्रमाणपत्र तीन प्रतींत सादर करावं. त्याखेरीज हॉल देता येणार नाही. सोबत नमुना जोडला होता: 'मी खाली सही करणार असे लिहून देतो/देते की माझ्याविषयीच्या वाक्यातील बट या शब्दापुढील मजकुरास माझी हरकत आहे/नाही. लागू नसेल ते खोडावे.'

"काका," मी म्हटलं, "अण्णांची ही पहिलीच पुण्यतिथी आहे. रविवारी आहे. आज मंगळवार."

"म्हणूनच नमुना तयार करून दिला तुला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरी माया होती, आणि तीच सर्वांत मोठी अडचण होती. दुष्ट माणसाशी भांडता येतं. नियमाने वागणाऱ्या मायाळू माणसाला फक्त झेरॉक्स आणून देता येतात.

मी एकतीस त्रिक त्र्याण्णव झेरॉक्स काढल्या आणि निघाले. होमिओपॅथ बदलापूरला सापडला. त्याने सही केली आणि मला कफासाठी गोळ्या दिल्या. मला कफ नव्हता. एकतिसांतले दोघे वारलेले. त्यातल्या भालेरावांची दोन मुलं एकमेकांशी बोलत नाहीत. थोरला म्हणाला, धाकट्याने सही केली तर मी करणार नाही. धाकट्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, मग आधी त्याचीच घ्या, नंतर मी हरकत घेतो. लिफ्टवाल्याने सही आनंदाने केली, पण 'आहे' खोडायचं की 'नाही' यात दोन्ही खोडून ठेवलं.

बुधवारी छापखान्यातून फोन आला. छापखाना अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, मालक सर्वेश म्हणून एक तरुण गृहस्थ. औषधांची खोकी छापणं हा त्यांचा मुख्य धंदा.

"मॅडम, श्रद्धांजलीचा साचा आमच्याकडे रेडी असतो. समई, फूल, 'आपल्या पवित्र स्मृतीस'. फोटो आणि तारीख फक्त बदलायची. तुम्ही हे बट बट काय दिलंय?"

मी समजावून सांगितलं. कच्ची प्रत संध्याकाळी आली. समई काढली होती. प्रत्येक 'बट' मात्र ठळक लाल होता, खोकल्याच्या औषधावर विषाची खूण असावी तसा. आणि मागच्या पानावर, अण्णांच्या फोटोच्या बरोबर खाली, कुठल्या तरी खोक्यावरून चुकून उतरलेली ओळ होती: 'थंड व कोरड्या जागी ठेवा. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.'

मी ते पान आईला दाखवलं नाही. शकुमावशीने पाहिलं आणि म्हणाली, "हे राहू दे बाई. निदान माझ्या नातवंडांच्या हाती तरी लागणार नाही."

"शुक्रवारी दुपारी बारापर्यंत फायनल द्या, नाहीतर रविवारी नाही मिळणार," सर्वेश म्हणाले. "आणि मॅडम, बत्तीस नंबरला काहीच नाही. काढू का?"

"थांबा," मी म्हटलं. का थांबा, ते मलाही सांगता आलं नसतं.

त्या रात्री हिशेब मांडायचं टाळलं, पण तो आपोआप झाला: एकतिसांपैकी सहा सह्या, त्यातली एक दोन्ही बाजूंनी खोडलेली. वाक्यं कापली असती तर सगळं सुरळीत झालं असतं. तसं करायला मी बसलेही. महादूकाकांच्या वाक्याचा मागचा तुकडा काढला. राहिलं ते कुणीही लिहिलं असतं. अण्णांचं जे काही होतं ते त्या दुसऱ्या अर्ध्यात होतं. एवढे पूर्णविराम दिले असते तर समईचा साचाही चालला असता. मी तुकडा परत जोडला.

गुरुवारी सकाळी सरूबाईकडे गेले. सरूबाई भांडुपच्या कोळीवाड्यातून येते आणि आमच्या फाटकाबाहेर मासे विकते. तिच्यावरचं वाक्य असं होतं: 'सरूबाईखेरीज कुणालाही मला शिळी मासळी ताजी म्हणून विकता आलेली नाही.' मी कागद पुढे केला आणि कोयत्याकडे पाहत उभी राहिले.

तिने हात पुसले. कागद उलटा-सुलटा पाहिला.

"काय गो पोरी, ही परत कशाला सही?"

"परत म्हणजे?"

"एकदा केलीय ना मी, तुज्या बापसाच्या बुकात. माजी जलमातली पयली सही तितंच हाय. त्याच्या आधी अंगठाच व्हता माजा." तिने एक सुरमई तोलून पाहिली. "त्यो लिवायचा आणि मंग वाचून दाखवायचा, सगल्यांच्या म्होरं. मंग म्हनायचा, पटलं तर सही कर, नाय तर मी खोडतो. मी लय शिव्या दिल्या त्याला. मंग केली. खरा व्हता ना तो."

"आणि बाकीच्यांनी?"

"सगल्यांनीच. सहीबिगर त्यो काय लिवायचा नाय. कारखान्यातला मानूस. लेट मार्कापुढं सही लागतेच म्हनायचा."

मी मासे न घेता घरी आले. सरूबाईच्या मते हा पाच वर्षांतला माझा पहिला असभ्यपणा होता.

मस्टर टेबलावर ठेवलं. आईने इडलीपात्रात पाणी तापवलं होतं, त्याची वाफ पानांच्या दुमडींना दिली, कागद मऊ केला आणि ती चार बोटांची कड हळूहळू उलगडली. वर छापील अक्षरात रकान्याचं नाव होतं: 'सही'. खाली ओळीने सगळे होते, आईसुद्धा; "मला वाटलं फक्त माझीच घेतली होती," ती म्हणाली. सरूबाईची सही थरथरती, मोठी, रकान्याबाहेर गेलेली. महादूकाकांची, सुरेल म्हणता येईल अशी वेलांटीदार. शकुमावशीची, जणू पोळीला चिमटा काढावा तशी. प्रत्येकीपुढे अण्णांच्या अक्षरात तारीख आणि वेळ. वेळसुद्धा.

मी उलगडत उलगडत बत्तिसाव्या ओळीला आले आणि थांबले. आईने मान वाकवून पाहिलं, मग इडलीपात्राखालचा गॅस बंद केला.

संध्याकाळी सात वाजता सोसायटीच्या ऑफिसात विशेष सर्वसाधारण सभा होती. विषय एकच. गणपूर्ती नव्हती म्हणून ती नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब झाली आणि त्याच माणसांत, त्याच खुर्च्यांवर पुन्हा सुरू झाली. सुबोधकाकांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. त्यात टाकीचा विषय होता. ढवळ्यांनी नवीन वाक्यांसाठी उपसमितीची सूचना मांडली. मग काका माझ्याकडे वळले.

"समीक्षा, प्रमाणपत्रं किती झाली?"

"एकतीस," मी म्हटलं, आणि मस्टर टेबलावर उलगडून ठेवलं.

पहिल्यांदा उठले महादूकाका. वाकून त्यांनी आपली ओळ शोधली आणि बराच वेळ तिथेच वाकून राहिले. "सतरा जून," ते म्हणाले. "मला आठवतंय. माझ्या भाच्याच्या लग्नानंतरचा रविवार. तिथे मी..." ते सरळ झाले. "तिथे लोक उठून गेले होते, दुसऱ्या कडव्याला. मी अण्णांना रडकुंडीला येऊन सांगितलं. त्यांनी हे लिहिलं आणि म्हणाले, पहिलं कडवं तर ऐकलं ना सगळ्यांनी? ते नाही कुणी सांगत तुला."

शकुमावशीने स्वतःची सही बोटाने चाचपली. "आणि मी हसले होते याच्यावर," ती म्हणाली. "इथेच बसून. इतकी हसले होते की ठसका लागला. कधी विसरले गं मी हे?"

"सून आल्यावर," आई म्हणाली.

एकेक जण येऊन आपापली ओळ पाहून जाऊ लागला. गर्दी झाली. भालेरावांची दोन्ही मुलं बापाच्या सहीवर एकाच वेळी वाकली आणि डोक्याला डोकं लागल्यामुळे नाइलाजाने एकमेकांशी दोन शब्द बोलली. शब्द चांगले नव्हते, पण सुरुवात म्हणून चालण्यासारखे होते.

सुबोधकाका जागेवरून हलले नव्हते. "माझी सही नसणार," ते म्हणाले. "असल्या मजकुरावर मी सही करीन?"

मी मस्टर त्यांच्याकडे फिरवलं. सही होतीच. सहीखाली सोसायटीचा गोल शिक्का होता. आणि शिक्क्याशेजारी त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'प्रत मिळाली. मजकूर मान्य नाही.' त्याखाली अण्णांचं अक्षर: 'मान्य नाही, बट सही केली. पुढच्या रविवारी हेच वाक्य शिकवणे.'

सभा हसली. आमच्या इमारतीच्या सभेत हसण्याची ही पहिलीच नोंद असावी. काकांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा वाचलं. "शिक्का मी एरवी कपाटाबाहेर काढत नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी शिकायला आलो, तर शिक्का काढून बसलो होतो." मग त्यांनी पेन उघडलं आणि ठराव लिहायला घेतला: पुस्तिका जशी आहे तशी छापण्यास सर्वानुमते मंजुरी. "सूचक?" त्यांनी विचारलं. महादूकाकांनी हात वर केला. अनुमोदक शकुमावशी.

मग काका मस्टरवर शेवटची नजर टाकायला वाकले. नियमाचा माणूस, शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारच.

"बत्तीस नंबरचं काय?"

 बत्तिसाव्या ओळीत नावाचा रकाना कोरा होता, वाक्याचा कोरा होता. फक्त उलगडलेल्या कडेवर, सहीच्या रकान्यात, पेन्सिलने लिहिलं होतं: 'समीक्षा. सही बाकी.'

"सहीशिवाय ते लिहीत नसत," मी म्हटलं. "मी रविवारी यायचे नाही. मला वर्गात बसवायला ते तीन-चारदा म्हणाले होते. मी म्हणायचे, पुढच्या रविवारी." त्याच्या पुढचं सगळ्यांना दिसत होतं.

कुणी सांत्वन केलं नाही. त्याबद्दल मी इमारतीची ऋणी आहे. सांत्वनाच्या जागी महादूकाका घसा साफ करून म्हणाले, "मला वाटतं त्यांनी लिहिलं असतं, समीक्षा पुस्तकं पुष्कळ वाचते, बट नोटीस बोर्ड वाचत नाही."

"समीक्षा सगळ्यांना समजून घेते," शकुमावशी म्हणाली, "बट डब्यांची सूचना घेत नाही."

"समीक्षा हुशार आहे," ढवळे म्हणाले, "बट विमा नाही."

सुबोधकाकांनी टेबलावर पेन आपटलं. "हे सगळं नियमबाह्य आहे. वाक्य अण्णांनी ठरवायचं होतं, ते त्यांनी ऐकवलेलं नाही, तिने मान्य केलेलं नाही. रकाना कोरा राहील. तसाच छापायचा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सही बाकी म्हणजे नाव पटावर आहे, पोरी. नाव काढलेल्याची सही बाकी नसते."

बावीस वर्षांत सेक्रेटरींनी काम केल्याची ही नोंद. तारीख-वेळ माझ्याकडे आहे.

शुक्रवारी अकरा वाजता सर्वेशना फोन केला. "बत्तीस नंबर तसाच ठेवा. कोरा. पुढे 'समीक्षा. सही बाकी.' एवढंच."

"मॅडम, लोक म्हणतील छापायचं राहिलं."

"म्हणू देत."

रविवारी पुस्तिका वेळेवर आल्या. लाल रंग गेला होता. मागच्या पानावरची थंड व कोरड्या जागेची ओळ तशीच राहिली होती, आणि ती अण्णांची सूचना आहे असं समजून सगळ्यांनी गंभीरपणे वाचली. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. त्यांनाही एक प्रत दिली. ती चाळताना ते दोनदा हसले आणि दोन्ही वेळा खोकल्यासारखं केलं. शकुमावशीने चपात्यांचा धोका न पत्करता पुऱ्या केल्या होत्या. सरूबाई जरीचं लुगडं नेसून आली आणि ज्याला त्याला आपली ओळ दाखवत होती, त्यामुळे तिच्या मासळीबद्दल ज्यांना शंका नव्हती त्यांनाही आली. महादूकाकांनी एक कडवं गायलं, खरोखर सुरात, आणि ते खाली बसले.  मग कुणीतरी आग्रह केला, आणि त्यांनी दुसरं गायलं. अण्णांची नोंद बिनचूक होती.

दुपारी भांडी परत गेली, खुर्च्या रचून झाल्या. हॉलमध्ये आई आणि मी उरलो. मस्टर टेबलावरच होतं, अण्णांच्या फोटोपुढे, कड उलगडलेली.

"आई, काय लिहिणार होते ते? तुला काही बोलले असतील."

"नाही बोलले," आई म्हणाली. "तुला ऐकवायचं होतं त्यांना. मला कशाला सांगतील?" तिने फोटोचा हार सारखा केला. "पण मागचं अर्धं काही गोड नसणार, एवढं नक्की."

"आणि पुढचं अर्धं?"

"त्याशिवाय ते मागचं लिहीत नसत," आई म्हणाली, आणि फोटो काखेत घेऊन जिन्याकडे निघाली.

मी पिशवीतलं पेन काढलं. वाचल्याशिवाय सही करू नये आणि कोऱ्या रकान्यापुढे तर कधीच करू नये, हे मला अण्णांनीच शिकवलं होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी फाटकापर्यंत मागे येऊन बजावलं होतं. मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून अकरा मिनिटं. म्हणजे लेटच.

पण केली.